बेसच्या डीआयला कुठली ट्यूब लावू? १२एएक्स७ आहे पण खालचा बी गायब

पाचतारी_पुणे:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात असतो, ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आणि अधूनमधून मित्रांच्या गाण्यांना घरीच रेकॉर्ड करून देतो. बेस पाच तारांचा, आत ९ व्होल्टची बॅटरी, म्हंजे अॅक्टिव्ह. मागच्या दिवाळीत एका माणसाकडून हाताने बनवलेला ट्यूब डीआय घेतला, म्हंजे बेसचा आवाज माइकच्या इनपुटला चालेल असा करून देणारा डबा. सेकंडहँड, पण काम एकदम सुबक, जाड पत्र्याचा डबा आणि वर जाळीतून ट्यूब लालसर दिसते, खरं सांगायचं तर अर्धे पैसे त्या दिसण्याचेच दिले.

आता तक्रार. डीआयमधून रेकॉर्ड केलं की वरच्या तीन तारा मस्त, ई जरा पातळ, आणि खालचा बी तर नुसता टकटक वाजतो, बोटाचा आवाज येतो पण पोटातला आवाज येत नाही. तोच बेस तीच केबल इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डब्याच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटला सरळ लावला तर बी भरभरून येतो, म्हणजे बेस ठीक आहे. दुसरं म्हंजे स्लॅप मारला (अंगठ्याने तार ठोकली) की फाट् असा आवाज, इंटरफेसचा गेन शून्यावर ठेवला तरी.

झाकण काढून पाहिलं. आत एकच ट्यूब, १२एएक्स७, तिचा अर्धाच भाग वापरलाय, दुसऱ्या अर्ध्याचे पाय ग्राउंडला टाकलेत. प्लेटला १०० के (के म्हंजे हजार ओहम) रेझिस्टर, कॅथोडला १.५ के आणि त्यावर २५ मायक्रोफॅरड. प्लेटवरून ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, मग ट्रान्स्फॉर्मर, मग एक्सएलआर, म्हंजे माइकच्या केबलचं सॉकेट. ट्रान्स्फॉर्मरवर मार्करने १०:१ एवढंच लिहिलंय, कंपनीबिंपनी काही नाही. एक मित्र जरा जाणकार आहे, त्याने मीटर लावून दिला: सप्लाय २९५ व्होल्ट, प्लेट १९५, कॅथोड १.५.

प्रश्न असा की ट्यूब बदलून हे सुधारेल का, आणि सुधारत असेल तर कुठली घेऊ? जुनी मलार्ड कंपनीची घ्या म्हणतात, कोणी म्हणतं १२एटी७, कोणी १२एयू७. मला यातलं शष्प कळत नाही, मला बी पाहिजे फक्त.

नळी_नाद:
भावा सरळ जुना माल बघ. आत्ताच्या नव्या ट्यूब म्हंजे पावडरचं दूध. माझ्या गिटार अॅम्पला स्लोव्हाकियाची जेजे होती, ती काढून जुनी मलार्ड ईसीसी८३ (१२एएक्स७ चंच दुसरं नाव) टाकली आणि काय सांगू, आवाजाला अंग आलं. टेलिफंकन मिळाली तर डोळे झाकून घे, फक्त बुडाशी पिनांच्या मधे काचेतच उमटलेला हिऱ्याचा शिक्का बघून घे, वरच्या छपाईवर जाऊ नकोस, ती कोणीही करतो. बेसला तर ऊब लागतेच.

ओहमकाका:
ऊब पाहिजे असेल तर गोधडी घ्या.

नळी_नाद, राग मानू नकोस, तुझ्या गिटार अॅम्पमधे फरक पडला असेल, तिथं चार चार स्टेज आहेत, एकीचं दुसरीला ओरबाडणं चाललेलं असतं. इथं एकच स्टेज आहे आणि तिच्या पुढं ट्रान्स्फॉर्मर. ह्या डब्यात मलार्ड घाला नाहीतर सोन्याच्या पायांची घाला, बी काही परत येणार नाही. कारण दुखणं मेकचं नाही, जातीचं आहे.

पाचतारी, तुला शष्प कळत नाही म्हणतोस पण आकडे मात्र अगदी लागतील तेवढे दिलेस, शाबास. आता सावकाश वाच.

प्रत्येक व्हॉल्व्हला (आमच्याकडं ट्यूब कोणी म्हणत नव्हतं, ट्यूब सायकलला) आतून एक रेझिस्टन्स असतो, प्लेट रेझिस्टन्स. १२एएक्स७ चा साधारण ६२ हजार ओहम. बाहेरचा तुझा १०० के त्याला समांतर येतो, म्हंजे ट्रान्स्फॉर्मरला तो व्हॉल्व्ह जवळजवळ ३८ हजार ओहमच्या नळीतून आवाज पाजतोय. ट्रान्स्फॉर्मरची प्रायमरी ही शेवटी तारेची गुंडाळी, वरच्या सुरांना ती अडसर वाटते पण सूर जसजसा खाली जाईल तसतशी ती सैल पडत जाते आणि अगदी खाली गेलं की जवळजवळ शॉर्ट. आता समोरून ढकलणारा दमदार असला तर सैल पडलेल्या गुंडाळीवरही व्होल्टेज टिकतं. ढकलणारा ३८ हजार ओहमवाला किडमिडा असला तर खालचे सूर त्याच्या स्वतःच्या पोटातच जिरतात. चार तारांच्या बेसचा ई ४१ हर्ट्झला, तुझा बी ३१ ला. वरच्या तारा मस्त, ई पातळ, बी गायब, हे ऐकल्यावर मला डबा उघडायची पण गरज वाटली नाही.

१२एयू७, म्हंजे आमचा ईसीसी८२, त्याचा प्लेट रेझिस्टन्स ७-८ हजार, कमी करंटवर चालवला तर १० च्या आसपास. फरक बघ. १२एटी७ मधे पडतो, पण त्याची मला ह्या कामाला कधी मजा वाटली नाही, सरळ रेषेत चालत नाही तो.

आता तुझा फाट्. तुझ्या कॅथोडला १.५ व्होल्ट आहेत, म्हणजे ग्रिडला (व्हॉल्व्हचा सूर आत घेणारा पाय) साधारण दीड व्होल्टची जागा. बेसमधून त्याच्यापेक्षा मोठा झटका आला की ग्रिड करंट ओढायला लागते आणि सूर चेपतो. अॅक्टिव्ह बेस स्लॅपला दोन व्होल्ट सहज फेकतो. शिवाय हा व्हॉल्व्ह साठ पट वाढवतोय, ट्रान्स्फॉर्मर दहाने भागतोय, राहिले सहा पट. एक व्होल्टचे सहा व्होल्ट तू माइकच्या इनपुटमधे ओततोयस. माइक इनपुटला मिलिव्होल्टची सवय, त्याने रडू नये तर काय करावं. गेन शून्य करून काय होणार, दारातच गर्दी झालीय.

तर उत्तर ईसीसी८२. पण नुसता उपटून नुसता खोचू नको. सॉकेट तेच, फिलामेंटचे पाय तेच, पेटेल लगेच, वाजेल पण. पण १०० के आणि १.५ के वर त्याचं प्लेट व्होल्टेज नव्वदच्या आसपास येऊन बसेल, तुझे २९५ फुकट. रेझिस्टन्स बदलावे लागतील. आणि त्याच्या आधी मला तुझा ट्रान्स्फॉर्मर मोजून पाहिजे. १०:१ ने काही कळत नाही, मला हेन्री पाहिजेत, म्हंजे त्या गुंडाळीच्या इंडक्टन्सचं माप.

खर्जातला:
काकांशी सहमत. मुंबईत एका छोट्या स्टुडिओत काम करतो, तिथे ए-डिझाइन्स कंपनीचा रेडी नावाचा ट्यूब डीआय आहे, तो लाल डबा. त्याच्यात १२एएक्स७ नाहीचे, रशियन ६एन१पी आहे, आणि ट्रान्स्फॉर्मर असा की डबा उचलताना मनगट सांगतं पैसे कशाचे दिलेत. लोक फोटो बघून ट्यूबबद्दल बोलतात, पैसे लोखंडाचे असतात. तो बनवताना डोळ्यासमोर अँपेगचा बी-१५ होता म्हणतात, १९६० सालचा तो अॅम्प, त्यात जुन्या जाडजूड आठ पिनांच्या ६एसएल७ होत्या.

पण पाचतारी, हे वाचून ६एन१पी आणून तुझ्या सॉकेटला लावू नकोस हां. नऊच पिना आहेत, बसते व्यवस्थित, पण तिचा हीटर (काका म्हणाले ते फिलामेंट) फक्त ६.३ व्होल्टचा आणि तो ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर, ९ नंबरला शील्ड. १२एएक्स७ च्या सॉकेटला ४ आणि ५ बहुतेक वेळा एकत्र बांधलेले असतात, मग ती पेटणारच नाही. आणि कोणी १२.६ व्होल्टने वायरिंग केलं असेल तर ६.३ च्या हीटरला १२.६ मिळतील, एकदा मस्त उजेड पडेल आणि संपलं. ६डीजे८ ट्यूबचं पण तेच. ही चूक मी केलेली आहे, कोणाच्या डब्यात ते सांगत नाही.

मिशिगनचा_मध्या:
विषय जरा बाजूला नेतोय, माफी असावी. डेट्रॉईटपासून तासाभरावर राहतो. मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीचं जुनं घर आता म्युझियम आहे, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर, पाहुणे आले की नेतो. तो स्टुडिओ ए, ज्याला ते स्नेकपिट म्हणायचे, तो आपल्या वाड्यातल्या माजघराएवढा. तिथे जेम्स जेमरसन प्रिसिजन बेसवर, जाड गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारांवर, उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. आणि रेकॉर्डिंगला अॅम्प नाही, बेस सरळ डायरेक्ट. लोक तो आवाज ऐकून अॅम्प शोधत फिरतात. बी-१५ त्याच्याकडे होता पण तो बाहेरच्या कार्यक्रमांना.

सांगायचा मुद्दा, त्याच्याकडे बी तार नव्हती. ४१ च्या खाली कोणाला जायचंच नव्हतं. तुझ्या डब्याचा कारागीर बहुधा चार तारांवरच ऐकून खूश झाला असणार.

पाचतारी_पुणे:
काका, खूप खूप धन्यवाद, दोनदा वाचलं. मध्या, माजघर वाचून हसलो.

मोजायचं कसं ते सांगाल का? माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे, हेन्रीचं बटण नाही त्याला.

ओहमकाका:
बटण नको. तापकीर गल्लीतून ६ व्होल्टचा छोटा ट्रान्स्फॉर्मर आण आणि ३३ के चा एक रेझिस्टन्स. डीआय बंद कर, प्लग काढ, दहा मिनिटं थांब, आणि तरीही मोठ्या कंडेन्सरवर (तू कॅपॅसिटर म्हणतोस तो) मीटर लावून बघ किती उरलंय. २९५ व्होल्ट बंद केल्यावर पण तिथंच मुक्कामाला असतात, ते जाईपर्यंत आत बोट घालायचं नाही. कोल्हापुरात वडलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथला पहिला नियम, काम करताना एक हात खिशात. दोन हात आत म्हंजे करंट छातीतून जाणार.

मग ट्रान्स्फॉर्मरची प्रायमरी सर्किटमधून सोडव, सेकंडरी (दुसरी गुंडाळी) मोकळी. प्रायमरी आणि ३३ के एकामागं एक जोड, त्या जोडीवर ६ व्होल्ट एसी दे. रेझिस्टन्सवर किती आणि प्रायमरीवर किती, दोन आकडे मला सांग. आपल्याकडं लाइन ५० हर्ट्झची आहे, तेवढं पुरे.

पाचतारी_पुणे:
केलं! रविवार सगळा ह्यात गेला, बायको म्हणाली बेस वाजवायचं बंद करून आता रिपेअरिंग चालू केलं का.

रेझिस्टरवर ४.९ व्होल्ट. प्रायमरीवर ३.४.

पण काका काहीतरी गडबड आहे, देतोय ६ व्होल्ट आणि बेरीज ८.३ येतेय. तीनदा मोजलं. मीटरची बॅटरी पण बदलली. ६ व्होल्टवर मीटर लावला तर बरोब्बर ६ दाखवतो.

ओहमकाका:
हा हा हा. बॅटरी उगाच बदललीस.

गडबड नाही, ते तसंच पाहिजे. गुंडाळीवरचं व्होल्टेज आणि रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज एकाच वेळी शिखरावर नसतात, एकमेकांना काटकोनात असतात. म्हणून साधी बेरीज करायची नाही, शाळेतलं पायथागोरस. ४.९ चा वर्ग २४, ३.४ चा वर्ग साडेअकरा, बेरीज साडेपस्तीस, मूळ काढलं तर सहाला लागून. जमलं की नाही. बेरीज सरळ ६ आली असती तर मी घाबरलो असतो.

आता ३.४ भागिले ४.९ गुणिले ३३ हजार, झाले साधारण २३ हजार ओहम. ५० हर्ट्झला २३ हजार म्हंजे ७३ हेन्री. ट्रान्स्फॉर्मर वाईट नाही रे. साठ सत्तर हेन्री छोट्या लोखंडात बसवणं सोपं काम नाही, ज्याने गुंडाळलाय त्याला कळत होतं, ज्याने व्हॉल्व्ह निवडला त्याला कळत नव्हतं. दोघं एकच असले तर मग त्याच्याकडं ड्रॉवरमधे १२एएक्स७ पडलेला असणार, लागला तोच.

३८ हजारांच्या पुढं ७३ हेन्री ठेवले की ८० हर्ट्झपासूनच उतार सुरू होतो. तुझ्या ई वर ६-७ डीबी (डेसिबल) कमी, बी वर जवळजवळ ९. ईसीसी८२ बसवून प्लेटला ४७ के केला तर ढकलणारा होतो ८ हजारांच्या आसपास आणि उतार जातो १८ हर्ट्झला. तिथं तुझं काही वाजत नाही.

सामान लिहून घे. ईसीसी८२ एक, चालू बनावटीचा, जेजे घे नाहीतर इलेक्ट्रो-हार्मोनिक्स घे, जो मिळेल तो. प्लेटला १०० के काढून ४७ के, मेटल फिल्म, २ वॉट. तीन मिलिअँपिअर जाणार आहेत, अर्धा वॉट तर तिथंच तापणार, पाव वॉटचा लावशील तर वास येईल. कॅथोडला १.५ के काढून १.८ के, वरचा २५ मायक्रो तसाच राहू दे, तो काढलास तर प्लेटचा रेझिस्टन्स परत वाढतो. बसवल्यावर प्लेटवर १५० च्या आसपास आणि कॅथोडवर साडेपाच सहा व्होल्ट यायला पाहिजेत. म्हंजे ग्रिडला दीडच्या जागी पाच-सहा व्होल्ट जागा झाली, मार किती स्लॅप मारायचा तो. वाढ होईल चौदा पट, दहाने भागून दीड पटही नाही. तुझा माइक इनपुट दुवा देईल, तरीपण पॅडचं (आत येणारा आवाज कमी करणारं) बटण असलं तर दाबूनच ठेव.

शॅकवाला_बेस:
वाचायला मजा आली पण मी एक उलटं सांगू? मी गोव्यात वाजवतो, सीझनला किनाऱ्यावर, एरवी लग्नं आणि चर्चचे कार्यक्रम. ट्यूब डीआय मी पण घेतला होता एक. किनाऱ्यावर जनरेटरवर एकदा लाइन १८० पर्यंत उतरली, ट्यूबच्या हीटरला ६.३ च्या जागी पाचच्या पण आत, आवाज घशात अडकल्यासारखा. वाळू, घाम, खारा वारा. आणि बेस कॅबिनेटवर ठेवला की ट्यूब स्वतःच गुणगुणायला लागते, टिंगsss करून. विकून टाकला. आता पॅसिव्ह डबा, आत एक चांगला ट्रान्स्फॉर्मर, बास. बॅटरी नाही प्लग नाही, जीपमधून पडला तरी वाजतो. तुझा बेस अॅक्टिव्ह आहे ना, मग तुला तर पॅसिव्ह डीआय एकदम फिट बसतो, पॅसिव्ह बेसवाल्यांनाच डीआयच्या इनपुटला मेगओहम लागतो, नाहीतर पिकअपचा वरचा आवाज जातो.

घरी रेकॉर्डिंगला ठेव ट्यूब, स्टेजवर नेऊ नको एवढंच.

नळी_नाद:
आणि ते जे बारा व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणारे ट्यूब डबे येतात त्याबद्दल पण काका सांगा. एका मित्राने घेतलाय, छान केशरी दिसतो.

ओहमकाका:
उघडून बघ, व्हॉल्व्हच्या मागं केशरी एलईडी निघाला तर मला नवल वाटणार नाही. काहींच्या आत व्होल्टेज वाढवून व्हॉल्व्हला दोनशे-अडीचशे नीट देतात, ते चांगले. पण पुष्कळांत प्लेटला वीस-तीस व्होल्टच पोचतात. एवढ्या उपाशी प्लेटवर तो व्हॉल्व्ह लवकर चेपतो आणि खरखरीत होतो, त्यालाच ट्यूबचा आवाज म्हणून विकतात. कोणाला आवडत असेल तर आवडू दे, पण मग कुठला मेक लावायचा ह्यावर डोकं चालवू नये.

पाचतारी_पुणे:
अपडेट. बदललं सगळं. सोल्डरिंग मित्राने केलं, मी फक्त एक हात खिशात घालून उभा होतो.

प्लेट १५२, कॅथोड ५.८. काकांना दंडवत, न बघता सांगितलेला आकडा.

फाट् गेला. पूर्ण गेला. स्लॅपचं टोक आता चिरतं पण फाटत नाही. बी पण आला.

पण. (सॉरी काका.) आता ई जरा जास्तच आलाय. म्हंजे बी बरोबर, ए बरोबर, आणि ई, एफ, एफ शार्प ह्या तीन जागा अशा घुमतात की शेजारचे काका विचारून गेले मिक्सर चालू आहे का. आधी वाटलं खोलीचा प्रॉब्लेम, पण हेडफोनवर पण तेच. सॉफ्टवेअरमधे बघितलं तर ४० हर्ट्झला सरळ टेकाड दिसतं, ६-७ डीबीचं. ट्यूब खराब आली का? मलार्डच घ्यायला हवी होती का?

खर्जातला:
ट्यूब खराब असली तर एकाच सुरावर टेकाड येत नाही. कॅपॅसिटर किती आहे म्हणालास? ०.२२ ना? काका, मला वाटतं तो आणि ट्रान्स्फॉर्मर दोघं मिळून गातायत.

ओहमकाका:
अरे देवा. चूक माझी. पहिल्याच पोस्टमधे त्याने ०.२२ लिहिलंय आणि मी वाचून पुढं गेलो. खर्जातला बरोबर बोलतोय.

०.२२ मायक्रो आणि ७३ हेन्री एकामागं एक जोडले की त्यांचा स्वतःचा एक सूर ठरतो, पाळण्याला कसा स्वतःचा झोका असतो तसा. हिशोब केला तर बरोब्बर ४० हर्ट्झ, म्हंजे तुझ्या मोकळ्या ई च्या शेजारी. आधी हा झोका होताच, पण १२एएक्स७ चे ३८ हजार ओहम त्याच्यावर ओल्या घोंगड्यासारखे पडलेले, झोका दिसतच नव्हता. आपण घोंगडं काढलं, ८ हजारांवर आणलं, पाळणा सुटला. ढकलणारा दमदार केला म्हणून हे उघडं पडलं.

घोंगडं परत नाही घालायचं. पाळणाच खाली न्यायचा. ०.२२ काढ आणि २.२ मायक्रो लाव, फिल्मचा, ४०० व्होल्टचा, कमी नाही. इलेक्ट्रोलिटिक लावू नको, गळका निघाला तर ट्रान्स्फॉर्मरमधून डीसी जाईल आणि लोखंड भरून जाईल. २.२ ने तो सूर जातो साडेबारा हर्ट्झला, आणि ८ हजारांच्या पुढं तिथं टेकाड पण राहत नाही, सपाट बसतो. मी आत्ता कागदावर मांडून बघितलं, ४१ ला शून्य, ३१ ला ०.१ डीबी कमी. वयाप्रमाणं आधी पाटी मग बोलणं असा क्रम ठेवायला हवा होता.

आकाराने मोठा असतो हां, डब्यात जागा आहे का बघ. नसली तर १ मायक्रोचे दोन समांतर लाव, तेवढ्याने भागेल.

पाचतारी_पुणे:
गल्लीत ४०० व्होल्टचा २.२ मिळाला नाही, २ दुकानांत विचारलं, एकाने पंख्याचा कॅपॅसिटर हातात ठेवला. विचारला तर म्हणाला अहो साहेब २.५ आहे चालतो. चालेल का काका??

ओहमकाका:
चालतो! पंख्याचा कंडेन्सर म्हंजे पॉलिप्रॉपिलीन फिल्म, वर ४४० व्होल्ट एसी लिहिलेलं असेल. आवाजाच्या कामाला त्याला काय धाड भरलीय. पेटीत मात्र नीट बांध, लोंबता ठेवू नको, आणि वायरी आखूड. त्या दुकानदाराला माझा नमस्कार सांग.

नळी_नाद:
पंख्याचा कॅपॅसिटर. मी हे वाचायला जिवंत राहिलो.

पाचतारी_पुणे:
काम झालं. टेकाड गेलं, खालून वरपर्यंत सपाट. काल एका गाण्याला वाजवलं, भावगीतच आहे साधं, पण शेवटी दोन बार मी मुद्दाम खालचा बी धरून ठेवला आणि गायक हेडफोन काढून म्हणाला हे कुठून आलं. मी डब्याकडे बोट दाखवलं. आत पंख्याचा कॅपॅसिटर आहे हे नाही सांगितलं.

ऊबबीब काय म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. डीआयचा आणि सरळ इंटरफेसचा असे दोन ट्रॅक शेजारी ठेवले तर हळू वाजवल्यावर मला फरक सांगता येत नाही. जोरात वाजवलं की डीआयचा सूर जरा गोल होतो, कोपरे घासल्यासारखा, आणि मिक्समधे तो बसवायला कमी मारामारी करावी लागते. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप? असेल बुवा.

एक राहिलं. शॅकवाला म्हणाला तसं ट्यूबला पेन्सिलीने टिचकी मारली तर स्पीकरमधून टिंग येतं. हे नॉर्मल का बदलू?

शॅकवाला_बेस:
टिचकीला सगळ्याच ट्यूब टिंग करतात. टिंग येऊन थांबलं तर सोडून दे. टिंग येऊन वाढत गेलं, किंवा तू बेस वाजवताना त्या सुराला मागून घंटी वाजली, तर बदल. डब्याखाली रबराचे पाय लाव आधी, पाच रुपयांचं काम.

ओहमकाका:
बरोबर. आणि ती टिचकी पेन्सिलीच्या खोडरबराच्या बाजूने मार, टोकाने नाही.

आणखी एक, डब्याच्या आतल्या बाजूला सॉकेटपाशी मार्करने लिहून ठेव: फक्त ईसीसी८२ / १२एयू७, ४७ के, १.८ के, २.५ मायक्रो, तारीख. उद्या तू विकशील, पुढचा माणूस कोणाचं तरी ऐकून १२एएक्स७ खोचेल आणि इथं येऊन विचारेल बी कुठं गेला.

नळी_नाद:
पाचतारी, तो काढलेला १२एएक्स७ कुठल्या मेकचा आहे रे? विकणार असशील तर आधी मला विचार. बुडाशी हिरा आहे का बघ ना जरा.

पाचतारी_पुणे:
बघितलं. हिरा नाही. बुडाशी काहीच नाही, वर फक्त एक आकडा आहे आणि तो पण बोट लावल्यावर निघाला.